शंकरपटाचे छायाचित्र: काही नोंदी

भंडारा जिल्ह्यातील जुन्या शेतकरी घरांच्या ओसरीवर, देवादिकांच्या तसबिरींच्या रांगेत, एक विशिष्ट छायाचित्र आम्ही अनेकदा पाहिले आहे. पटात पहिली आलेली बैलजोडी उभी आहे. शिंगे रंगवलेली, पाठीवर झूल, गळ्यात हार. कासरा धरून मालक उभा, त्याच्याजवळ घरातील एखादे मूल, आणि पुढ्यात ढाल किंवा बक्षीस म्हणून मिळालेली वस्तू. बैल कॅमेऱ्याकडे पाहत नाहीत, माणसे मात्र डोळे ताणून पाहतात. या चित्रात सर्व काही आहे, फक्त पट नाही. ज्या काही सेकंदांमुळे ते काढले गेले, ते सेकंद त्यात कोठेच नाहीत.

याचे एक कारण यांत्रिक आहे. तिकाटण्यावर कॅमेरा मांडून गावोगाव फिरणाऱ्या छायाचित्रकाराला उधळलेली जोडी टिपणे शक्य नव्हते. त्याच्या फिल्मची संवेदनशीलता कमी, भिंगही मंद. धावता बैल त्याच्या काचेवर केवळ एक पांढुरका फराटा होऊन उमटला असता, आणि फराट्याचे पैसे कोणी दिले नसते. पण तेवढ्याने उलगडा होत नाही. पुढे वेगवान कॅमेरे तालुक्याच्या स्टुडिओंत आले, तरी भिंतीवरचे चित्र बदलले नाही. ज्याने चित्र मागवले त्याला वेग जपायचा नव्हता. ही जोडी आपली आहे आणि ती सर्वांच्या पुढे आली, एवढे त्याला भिंतीवर हवे होते. म्हणजे आपल्याकडे शंकरपटाचा जो चित्ररूप इतिहास उरला आहे, तो मुख्यतः मालकांचा इतिहास आहे. बैल हाकणाऱ्या धुरकऱ्याचा नाही, आणि बैलाचा तर नाहीच.

विदर्भाबाहेरील वाचकांसाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. पुणे जिल्ह्यातील घाटांतला बैलगाडा निराळा. तेथे चढाचा मार्ग असतो, पुढे घोडा धावतो. आपल्याकडे सपाट धावपट्टी, हलका छकडा, दोन बैल आणि त्यांच्यामागे तोल सावरत असलेला एक धुरकरी. नावातला शंकर लोक नंदीवरून महादेवाशी जोडतात. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट महाराष्ट्रभर ज्ञात आहे आणि तेथे स्त्रियाही छकडा हाकतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या झाडीपट्टीत मात्र पटाला एक निराळे सोबती आहे, ते म्हणजे रात्रीचे नाटक. दिवसा पट, रात्री वडसा येथील एखाद्या मंडळीचा प्रयोग, तोही पहाटेपर्यंत. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकी जमतात. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा उर्वरित महाराष्ट्राला झाडीपट्टी रंगभूमीचे नाव नव्याने कळले. पण त्या रंगभूमीचा प्रेक्षक पिढ्यान्‌पिढ्या मंडई आणि पटाच्या निमित्ताने जमत आला आहे, ही गोष्ट त्या बातम्यांत क्वचितच आली.

पटाचा हंगाम धानावर ठरतो. कापणी झाली, चुरणी झाली, तणसाचे ढीग रचले गेले की बांध्या मोकळ्या होतात. ज्या बांध्यांत लाखोळी टाकलेली नाही अशा एखाद्या पट्ट्यातील पाळी सपाट करून धावपट्टी तयार केली जाते. पावसाळ्यात जेथे चिखलणी झाली आणि रोवणी करणाऱ्या बायांच्या रांगा वाकून उभ्या होत्या, त्याच जमिनीवर जानेवारीत बैल उधळतात. हे स्थळ कायमचे नसते. दोन-तीन दिवसांनंतर तेथे पुन्हा शेतच असते, आणि पुढच्या पावसाळ्यात धावपट्टीची रेघही सापडत नाही. क्रीडांगणाला इमारत असते, पाटी असते. पट मागे काही ठेवत नाही. म्हणून त्याच्या बाबतीत छायाचित्राला नेहमीपेक्षा अधिक वजन येते.

लाखनी आणि साकोली यांच्या दरम्यानच्या एका पटात शनिवार-रविवार असे दोन दिवस आम्ही दोघांनी छायाचित्रे काढली, ती काही अंशी या विचाराने. सोबत एक कॅमेरा आणि एक मोबाइल होता. सकाळी धुके इतके की धावपट्टीचे दुसरे टोक दिसत नव्हते. नऊच्या सुमारास ऊन तिरपे आले, आणि पहिल्या दोन-चार जोड्या धावून गेल्यावर धूळ अशी काही तरंगत राहिली की प्रत्येक गोष्टीला सोनेरी कड आली. असे ऊन छायाचित्रकाराला बिघडवते. त्यात काहीही सुंदर दिसते. दुपारी बारानंतर ते गेले आणि जे दिसू लागले ते अधिक उपयोगाचे होते: छकड्याच्या जोखडाला गुंडाळलेल्या चिंध्या, धुरकऱ्याच्या पायाच्या बोटांची पकड, धावून आलेल्या बैलाच्या तोंडाचा फेस, आणि कडेला उकिडवे बसलेल्या म्हाताऱ्यांचे चेहरे, ज्यांच्यावर निकाल घड्याळाआधीच उमटत होता.

धावणाऱ्या जनावराचे चित्र काढणे ही गोष्ट छायाचित्रणाच्या इतिहासात एका मोठ्या वळणाशी जोडलेली आहे. 1878 मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे एडवर्ड मायब्रिज याने बारा कॅमेरे ओळीने मांडून ‘सॅली गार्डनर’ या घोडीची धाव टिपली. भरधाव घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात हे तेव्हा सिद्ध झाले. पण ते सुटतात पोटाखाली गोळा झालेले असताना, चित्रकार शतकानुशतके रंगवीत आले तसे पुढे-मागे ताणलेले असताना नव्हे. 1887 मधील त्याच्या ‘अ‍ॅनिमल लोकोमोशन’ या 781 पाटांच्या संग्रहात घोड्यांबरोबर बैलही आहे. जे डोळ्याला दिसत नाही ते कॅमेरा पाहतो, हा विश्वास तेथून दृढ झाला आणि पुढे न्यायालयांपर्यंत पोचला.

दुसरे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. 1910 च्या दशकाच्या आरंभी जाक-आंरी लार्तीग या फ्रेंच तरुणाने मोटारींच्या शर्यतीत एक चित्र टिपले. त्यात मोटारीचे चाक लंबगोल होऊन पुढे झुकले आहे आणि मागचे प्रेक्षक उलट दिशेला कलले आहेत. त्याच्या कॅमेऱ्यातील झडप म्हणजे एक सरकती फट होती. ती काचेवरून सरकेपर्यंत मोटार पुढे गेली, आणि मोटारीच्या मागोमाग कॅमेरा फिरवल्याने प्रेक्षक कलले. म्हणजे जगात कोठेही न घडलेले असे काहीतरी त्या चित्रात आहे, आणि तरी वेग म्हणजे काय हे त्याच्याइतके क्वचितच कोणी दाखवले असेल. 1963 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्याचे प्रदर्शन भरवले तोवर तो जवळपास अज्ञातच होता. गंमत अशी की आजच्या मोबाइलमधील संवेदकही चित्र ओळीओळीने वाचतो. त्यामुळे आमच्या मोबाइलवरच्या अनेक चित्रांत छकड्याचे चाक लार्तीगच्या चाकासारखेच तिरके झाले आहे. ते पाहून एका विद्यार्थ्याने चाक मोडले आहे काय असे विचारले.

मराठी माणसाचा संबंधही या कथेत लवकर येतो. सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी 1899 मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रीकरण केले. भारतीयाने केलेले ते आरंभीचे चित्रीकरण मानले जाते. म्हणजे आपल्याकडे हलत्या चित्राचा पहिला विषय देवदेवता नव्हेत, राजेमहाराजे नव्हेत. मातीतला डाव हा होता. पुढे चित्रपटाने पौराणिक वाट धरली आणि मातीतल्या डावांचे चित्रण मागे पडले. नाहीतर पटाचीही एखादी जुनी फीत आज हाताशी असती. असो.

अमेरिकेतील स्टॉक कार शर्यतींचा उल्लेख येथे अस्थानी वाटेल, पण पट समजून घेण्यास तो उपयोगी पडला. ‘स्टॉक’ म्हणजे दुकानात विक्रीला ठेवलेला माल. जी मोटार कोणीही विकत घेऊन रोज वापरतो, तिचीच शर्यत. या शर्यतींचा एक उगम दक्षिणेकडील डोंगराळ भागात चोरटी दारू वाहणाऱ्या चालकांकडे जातो. पोलिसांच्या पुढे राहण्यासाठी त्यांनी साध्या मोटारी आतून बदलल्या आणि मग सुट्टीच्या दिवशी आपसांत पळवल्या. 1948 मध्ये नॅसकार ही संस्था स्थापन झाली. 1949 मध्ये शार्लट येथे तिने काटेकोरपणे ‘स्टॉक’ मोटारींची पहिली शर्यत घेतली, तेव्हा प्रथम आलेल्या ग्लेन डनवे याच्या मोटारीच्या मागच्या स्प्रिंगा बदललेल्या आढळल्या. विजय जिम रोपर याला देण्यात आला. कालांतराने त्या शर्यतींत धावणारी मोटार केवळ बाहेरून बाजारातल्या मोटारीसारखी दिसणारी, मुद्दाम बांधलेली वस्तू झाली.

पटाच्या बैलाचे नेमके हेच झाले आहे. नांगराचा बैल हिवाळ्यात पटाला जुंपायचा, ही मूळची रीत. विदर्भातील गवळाऊ जात चपळ चालीसाठी नावाजलेली. पूर्वेकडील धानपट्ट्यातील कठाणी अंगाने लहान पण चिखलात टिकणारी. आता चिखलणी ट्रॅक्टर करतो. 2012 च्या पशुगणनेत देशात गोवंशातील नर सुमारे 6 कोटी 79 लाख होते. 2019 मध्ये ते 4 कोटी 74 लाखांवर आले. सात वर्षांत जवळपास तीस टक्के घट, आणि त्याच काळात गायींची संख्या वाढली. आनंद यादव यांच्या ‘गोतावळा’ने 1971 मध्ये ट्रॅक्टरच्या येण्याने गोठा कसा रिकामा होतो हे कादंबरीतून मांडले होते. त्या रिकाम्या गोठ्यात आज जो बैल उरला आहे तो अनेक ठिकाणी केवळ पटासाठी उरला आहे. त्याला नांगर माहीत नाही. त्याचा खुराक, त्याची मालिश, त्याची झोप सर्व काही त्या काही सेकंदांसाठी आहे. पट ही शेतीची संस्कृती आहे असे व्यासपीठावरून सांगितले जाते, तेव्हा हा बदल वक्त्यांच्या लक्षात आलेला असतो असे वाटत नाही.

याच टप्प्यावर न्यायालये येतात, आणि त्यांच्यासोबत निराळ्या प्रकारचे छायाचित्रही. 11 जुलै 2011 रोजी केंद्र शासनाने खेळासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. 2012 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींच्या विरोधात निर्णय दिला. 7 मे 2014 रोजी न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती पिनाकी चंद्र घोष यांच्या खंडपीठाने जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातील बैलगाडी शर्यतींवरही बंदी आणली. बैल हा शरीररचनेने शर्यतीचा प्राणी नाही, असे त्या निकालाचे प्रतिपादन होते. त्या खटल्यात प्राणी कल्याण मंडळाच्या बाजूने निरीक्षकांचे अहवाल आणि छायाचित्रे पुढे आली होती. ओसरीवरील चित्रात जे नसते, तेच या चित्रांचा विषय होते: पिरगाळलेली शेपटी, खिळ्याची काठी, घाबरून पांढरे झालेले डोळे.

पुढचा प्रवास वळणावळणांचा आहे. जानेवारी 2016 मध्ये केंद्राने अधिसूचनेद्वारे सूट दिली. तिला सर्वोच्च न्यायालयाने काही दिवसांतच स्थगिती दिली. 2017 मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने स्वतंत्र दुरुस्ती केली, ती उच्च न्यायालयात अडली. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या कायद्यानुसार शर्यतींना वाट मोकळी करून दिली. 18 मे 2023 रोजी न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राचे कायदे वैध ठरवले. 2014 ते 2021 या काळातील सात हिवाळे कायदेशीर पटाविना गेले. याच काळात, 2015 मध्ये, राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. बैल पळवता येत नव्हता आणि विकून मोकळेही होता येत नव्हते, ही कोंडी ज्या शेतकऱ्याने भोगली त्याच्याविषयी दोन्ही बाजूंच्या युक्तिवादांत फारसे काही आढळत नाही.

नव्या नियमांत जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आहे, धावेच्या अंतराला 1000 मीटरची मर्यादा आहे, काठी, चाबूक आणि विजेचा धक्का यांना मनाई आहे, आणि शर्यतीचे चित्रीकरण करून ते प्रशासनाला देण्याची अटही आहे. इतिहासाचा विद्यार्थी या शेवटच्या अटीपाशी थांबेल. ज्या पटाकडे पिढ्यान्‌पिढ्या धावेचे एकही चित्र नव्हते, त्याला आता स्वतःचे चित्र काढल्यावाचून धावताच येत नाही. आम्ही पाहिलेल्या पटात आयोजकांचा कॅमेरावाला माचीवर बसला होता. त्याचा कॅमेरा तिकाटण्यावर स्थिर होता, पल्ला रुंद, आणि त्यात दोन समांतर धावांवरील जोड्या मुंगीएवढ्या दिसत होत्या. नियमाची पूर्तता होत होती. धुरकऱ्याचा हात कोठे आहे, हे मात्र त्या अंतरावरून कोणालाही कळले नसते.

कॅमेरा कोठे उभा राहतो यावर सर्व अवलंबून आहे, हे आम्हाला तेथे पुरते कळले. अंतिम रेषेपाशी समोरून चित्र घेतले तर दोन मस्तके, चार शिंगे आणि वर आभाळाला भिडलेला धुरकरी दिसतो. हे वीररसाचे चित्र. बाजूने घेतले, कॅमेरा जोडीबरोबर फिरवला, तर बैल स्पष्ट आणि मागचे जग पुसट होते. हे वेगाचे चित्र. पहिल्या दिवशी दुपारी आम्ही सुरुवातीच्या जागेच्या मागे गेलो, तर एका वयस्क शेतकऱ्याने हटकले. “समोरून काढा जी, मास्तर. मांगून काय दिसन? धुरळा अन् शेपट्या.” त्यात धमकी नव्हती. पाहुण्याने चांगली जागा सोडून वाईट जागा धरली, याचा त्यांना खरोखरच खेद वाटला होता. आम्ही समोरही गेलो, आणि परत मागेही आलो.

दोन दिवसांत सुमारे आठशे चित्रे झाली. घरी येऊन क्रमाने पाहताना दुसऱ्या दिवसाच्या एका धावेची मागून घेतलेली सलग नऊ चित्रे निघाली. पहिल्या तिघांत झेंडी पडण्याची वाट पाहणारी जोडी आहे. चौथ्यात झेंडी पडली आहे. पाचव्यात धुरकऱ्याचा डावा हात एका बैलाच्या शेपटीवर आहे आणि ती शेपटी ज्या कोनात वळली आहे तो कोन नैसर्गिक नाही. सहाव्यापासून धूळच धूळ. हातात तुतारी नव्हती. ती खिळ्याची काठी त्या दोन दिवसांत आम्हाला कोठेही दिसली नाही, आणि हे सांगणेही तितकेच आवश्यक आहे. त्या धुरकऱ्याला आम्ही नंतर पाहिले होते. धाव संपल्यावर त्याने त्याच बैलाच्या मानेवर बराच वेळ हात फिरवला, आपल्या गमछाने त्याचे तोंड पुसले, आणि स्वतः पाणी पिण्याआधी त्याला पाजले. त्याचेही चित्र आहे. ते सुंदर आहे, आणि ते एकटेच छापले तर ते असत्य होते. शेपटीचे एकटे छापले तरी तसेच होते, असे आमच्यापैकी एकाचे मत आहे. दुसऱ्याचे मत निराळे आहे: बैलाला आपली बाजू मांडता येत नाही, तेव्हा पारडी समसमान धरणे हाच एक पक्षपात आहे. या मतभेदाचा निकाल आम्ही अद्याप लावलेला नाही.

पटसमितीने संग्रहासाठी चित्रांची प्रत मागितली होती. आम्ही सर्व आठशे चित्रे, एकही न गाळता, काढली त्याच क्रमाने आणि वेळेच्या नोंदीसह दिली. समितीच्या चिटणीसांनी ती आमच्यासमोरच संगणकावर पाहिली. बैलांची नावे ते भराभर सांगत गेले आणि आम्ही ती लिहून घेतली. ओसरीवरच्या जुन्या चित्रांखाली मालकाचे नाव असते, बैलाचे नसते, म्हणून आम्हाला ती हवी होती. त्या नऊ चित्रांपाशी ते थांबले. पाचवे त्यांनी मोठे करून पाहिले.

“हा एक काढून टाकता येते का जी, सर?”

क्रम तुटेल, असे आम्ही म्हणालो. त्यांनी थोडा वेळ पडद्याकडे पाहिले, मग त्या जोडीतील दोन्ही बैलांची नावे सांगितली, आणि पुढचे चित्र उघडले.